निळा थर

येरवड्याच्या त्या शेडचं दार उघडलं की सगळ्यांत आधी वास यायचा. ओल्या शाडूचा, आणि त्यात मिसळलेला रॉकेलचा. शाडू बाबांचा, रॉकेल आईचं. परवा दार उघडलं तर दोन्ही नव्हते. धूळ होती, उंदरांच्या लेंड्या होत्या आणि समोरच्या इमारतीवरून उलटून आलेलं ऊन होतं. तरी मी दारात उभी राहून उगाच एक लांब श्वास घेऊन पाहिला. बाबा मागून म्हणाले, "हुंगून काय मिळणार आहे? आत हो, मला ऊन लागतंय."

शेड महिनाअखेर रिकामी करून द्यायची आहे. आजूबाजूचं सगळं पडलं, नवं उभं राहिलं, मध्ये आमचे पत्रे तेवढे चुकून राहिले होते. बाबा शिल्पकार. आयुष्यभर त्यांनी चौकाचौकांतले पुतळे केले. आता ऐंशी ओलांडली आहे आणि उजवा हात सारखा थरथरतो. आई याच शेडच्या दुसऱ्या टोकाला रंगीत काचांची तावदानं करायची. तिला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. नेण्यासारखं आत काही उरलेलं नव्हतं, कोपऱ्यात गोणपाटाखाली ठेवलेली एक वस्तू सोडून. गोणपाट उचललं की दिसतो तो प्लास्टरचा ओबडधोबड गोळा, मोठ्या माठाएवढा, पांढरा, कुठूनही पाहिला तरी कशासारखाच न दिसणारा. त्याच्या आत आईचा चेहरा आहे.

आम्ही राहायचो शनिवार पेठेत, दोन खोल्यांत. पण तिथे मी झोपायला आणि शाळेपुरती असे. बाकी माझं लहानपण या पत्र्यांखाली गेलं. उन्हाळ्यात पत्रे तापून कडकड वाजायचे, आणि बाबा दर थोड्या वेळाने उठून अर्धवट पुतळ्यांवरची फडकी भिजवायचे. माती वाळली की तडकते, म्हणून तिला सतत ओल्यात ठेवायचं. धोतराची जुनी पानं, आईची विरलेली लुगडी, माझे फ्रॉक, सगळं शेवटी कुणातरी पुढाऱ्याच्या डोक्यावर जायचं. पावसाळ्यात उलट तक्रार. तेव्हा प्लास्टर वाळत नसे आणि बाबा आभाळाकडे अशा नजरेनं बघत, की जणू ते आभाळ मुद्दाम त्यांच्याच शेडवर आलं आहे.

माती घेताना ते आधी चिमूटभर दाढेखाली धरायचे. कचकच लागली तर रेती आहे, परत न्या. माती आणणारा वैतागून म्हणायचा, साहेब, खायचीय का? बाबा म्हणायचे, तुमच्याकडची नाही. पण खरं तर नवी माती त्यांना नकोच असे. नवी माती ऐकत नाही, तिला आधी वळण लावावं लागतं, असं त्यांचं मत. शेडच्या मागे सिमेंटचं एक टाकं होतं, त्यात वर्षानुवर्षांची माती मुरत पडलेली असायची. पुतळ्याचा साचा झाला की आतली माती उकरून परत टाक्यात टाकायची. तीच माती आज स्वातंत्र्यसैनिक, पुढल्या वर्षी साखर कारखान्याचे चेअरमन, मग एखादे महाराज. लहानपणी मला टाक्यात डोकावायची भीती वाटायची, कारण आत इतकी माणसं एकमेकांत कालवलेली होती.

आईचं सगळं वेगळं. तेव्हा पेठांमधली जुनी घरं पाडून फ्लॅट उठायला लागले होते आणि त्या घरांची रंगीत तावदानं जुन्या बाजारात यायची. हिरवी, जांभळी, मधासारखी पिवळी. आई रविवारी सकाळी जाऊन ती निवडायची. काच सूर्यासमोर धरायची नाही, सूर्यासमोर सगळ्याच काचा छान दिसतात, असं ती मला बजावायची. नुसत्या आभाळावर धरायची, आणि तिथे जी दिसेल ती घ्यायची. मग नखानं टिचकी मारायची. खणखणीत वाजली तर अखंड, बदबद वाजली तर आत कुठेतरी तडा आहे. थंडीत काच आडमुठी होते, म्हणून डिसेंबर-जानेवारीत ती कापायच्या आधी सगळ्या काचा पापडांसारख्या उन्हात मांडून ठेवायची. कटरचं चाक रॉकेलमध्ये बुडवून एकदाच ओढायचं. तलम कापड फाडल्यासारखा एकसंध आवाज आला पाहिजे. मध्येच आवाज तुटला तर काच तिथेच तुटणार, हे मला ऐकून कळायला लागलं तेव्हा आईनं कटर पहिल्यांदा माझ्या हातात दिला.

मातीत चुकलं तर अंगठ्यानं पुसता येतं. काचेत चुकलं तर दुसरी काच आणावी लागते. दोघांचे स्वभावही तसेच झाले होते की आधीपासून तसे होते म्हणून त्यांनी माती आणि काच निवडली, मला सांगता येणार नाही. बाबा मनात येईल ते बोलून टाकायचे, मग दुरुस्त्या करत बसायचे. आई बोलायच्या आधी थांबायची, आणि मग जे बोलायची ते बरोबर लागायचं.

मला सगळ्यांत आवडायचा तो साच्याचा दिवस. ओल्या मातीच्या चेहऱ्यावर प्लास्टर चढवायचं, ते घट्ट झालं की तो साचा दोन भागांत सोडवून आतली माती उकरून काढायची, आत साबण-तेलाचा हात द्यायचा, भाग परत जोडायचे आणि आत नवं प्लास्टर ओतायचं. ते घट्ट झालं की वरचा साचा छिन्नीनं फोडून टाकायचा. आत उरतो तो चेहरा. पण साचाही प्लास्टरचा आणि चेहराही प्लास्टरचा, दोन्ही पांढरे. फोडताना छिन्नीला कसं कळणार, कुठे थांबायचं? म्हणून साच्याचा अगदी पहिला, मातीला चिकटणारा पातळ थर निळा करायचा. कपड्यांना घालतात ती नीळ त्या पहिल्या पातेल्यात कालवायची. फोडताना पांढऱ्या ढलप्या उडत राहतात आणि एका क्षणी निळं दिसतं. निळं दिसलं की बाबांची शिट्टी बंद व्हायची. निळ्याच्या खाली चेहरा आहे, आता हळू.

ही नीळ कालवायचं काम आईचं. कधीपासून, का, कोणी ठरवलं, देव जाणे. साच्याच्या दिवशी ती आपली काच बाजूला ठेवायची, पदर खोचायची, पुडीतली नीळ अंदाजानं पाण्यात सोडून वर प्लास्टर भुरभुरवायची. बाबा पुतळ्यापासून नजर न काढता हात मागे करायचे आणि त्या हातात निळं पातेलं यायचं. पुन्हा हात मागे केला की पांढरं. शब्द कधी ऐकला नाही मी. बाबांची नखं पुढचा आठवडाभर निळी राहायची. पेठेतले एक शेजारी त्यांना हटकून विचारायचे, काय हो, धोबीघाट काढलात की काय? बाबा म्हणायचे, हो, आपले कपडे मात्र आणू नका, तेवढी नीळ नाही आमच्याकडे.

मग दिवस पालटले. शहराच्या कडेची गावं शहरात आली, शेतं गेली आणि गावोगावची मुलं नव्या कोऱ्या गाड्यांतून वडिलांचे पुतळे सांगायला यायला लागली. ब्राँझ नको, फायबरचा करा, लवकर होतो, रंग दिला की ब्राँझसारखाच दिसतो. त्यांतले एक मला अजून आठवतात. म्हणाले, "मास्तर, आमचे आण्णा हायेत तसेच पायजेत. फकस्त पटका मोठा घ्या, आन् नजर लांब जाऊ द्या." बाबांनी विचारलं, किती लांब? त्यांनी जरा विचार करून सांगितलं, "पार इमानतळापातूर." त्यांची जमीन तिकडेच होती. बाबा नंतर हसले नाहीत. त्यांनी आण्णांची नजर खरंच लांब नेली आणि तो पुतळा चांगला झाला.

रस्त्यापलीकडे कंपनीची काचेची इमारत उभी राहिली ती त्याच सुमारास. मूर्तीचं काम उत्तरेच्या उजेडात करतात, कारण तो उजेड दिवसभर एकसारखा असतो. आमची खिडकी उत्तरेला होती, आणि आता उत्तरेलाच आरशासारखी भिंत. दुपारी त्यावरून ऊन उलटून आत यायचं आणि मातीच्या नाकाला दोन सावल्या पडायच्या. बाबा चरफडत खिडकीला पोतं लावायचे. आई म्हणायची, "बघा, शेवटी माझ्या काचेनं तुमच्या मातीवर सूड घेतलाच." त्याच कंपनीतून गळ्यात ओळखपत्र घातलेला एक मुलगा तिच्याकडे आला होता, रिसेप्शनसाठी तावदान हवं म्हणून. त्याला काम फार आवडलं. फक्त त्यानं विचारलं, "मॅडम, हे बबल्स रिमूव्ह होतील का? थोडं क्लीन लुक हवाय आम्हाला." जुन्या काचेत बारीक बुडबुडे असतात, आणि आई काच निवडायची ती त्यांच्यासाठीच. ती म्हणाली, "ते माझ्या आधीपासून आत राहतायत. मी कशी बाहेर काढू?" मुलगा हसला, चहा प्यायला आणि परत आला नाही.

पुतळ्यांची कामं मधल्या काळात मंदावली होती. टाक्यात माती मळून तयार, आणि पुतळा ठरवणाऱ्या समितीची बैठक काही होत नव्हती. तेव्हा बाबा आईला म्हणाले, तू बस. इतक्या वर्षांत ती कधी बसली नव्हती. तुमच्यासमोर बसायला मी काय वारलेली आहे, असं ती म्हणायची. या वेळी मात्र बसली. रोज दुपारी, खिडकीला पोतं लावलेल्या उजेडात. हात रिकामे ठेवायचे नाहीत म्हणून मांडीवर काचेचे तुकडे घेऊन पुसत राहायची. बसल्याबसल्या तिचा डोळा लागायचा आणि बाबा ओरडायचे, "मान, मान." ती दचकून मान वर करायची आणि म्हणायची, या उजेडात झोपच येते हो. मी तेव्हा एका जाहिरात कंपनीत नोकरीला होते. संध्याकाळी शेडवर जायची तेव्हा त्या मातीच्या डोक्यावर ओलं फडकं असायचं, आणि पुरं होईपर्यंत बाबा ते कुणाला वर करू देत नसत, आईलासुद्धा.

मे महिन्यात एका सकाळी आई बसमधून उतरताना चक्कर येऊन पडली. मग हॉस्पिटल, तपासण्या, पुन्हा तपासण्या, आणि ऑपरेशनची तारीख. बाबा दिवसभर तिच्याजवळ. शेडमधली फडकी वाळून कडक झाली. कुणीतरी आठवण केली म्हणून ते पाहायला गेले तर मातीला कानामागे तडे जायला लागले होते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पहाटे ते एकटेच शेडवर गेले. साचा चढवला, सोडवला, माती उकरून टाक्यात टाकली, साबण-तेल फिरवलं, जोडला, ओतला, आणि हातपाय धुऊन भेटीच्या वेळेत हॉस्पिटलात हजर झाले. मी तिथेच होते.

आईनं त्यांचा हात हातात घेतला. वाटलं, घाबरली असेल. पण ती नखं बघत होती.

"साचा केलात?"

"केला. ओतूनही आलो. माती तडकायला लागली होती."

"हात पांढरे आहेत तुमचे."

बाबांनी हात स्वतःकडे वळवून पाहिले. मग ते तसेच धरून बसले. नळावर परत परत धुतले असते तरी निळे झाले नसते. पातेल्यासाठी त्यांनी हात मागे केला असेल, मग आठवलं असेल की मागे कुणी नाही, आणि स्वतः उठून प्लास्टर कालवलं असेल. नीळ त्यांनी जन्मात कधी कालवली नव्हती. साचा आतून धुताना तो पांढरा दिसला नाही का, असं मी पुढे एकदा विचारलं. ते म्हणाले, दिसत होता, लक्षात आला नाही.

आई घरी आली. त्यानंतर दोन-तीन वर्षं ती बरी होती, आणि त्या वर्षांतली शेडच मला जास्त आठवते. तो गोळा तिच्या टेबलाशेजारीच होता. ती त्यावर काचेच्या पट्ट्या ठेवायची, कधी चहाची कपबशी. उकरलेल्या मातीतून पुढे एका आमदारांच्या वडिलांचा अर्धपुतळा झाला. आई भेटेल त्याला सांगायची की मी आता अर्धी आमदारांची वडील आहे. बाबा म्हणायचे, मन शांत असेल त्या दिवशी उघडीन. ती म्हणायची, "सवडीनं. ती कुठे जात नाही, आणि मीही अजून गेले नाही." पुन्हा बसू का, असंही तिनं विचारलं होतं. बाबांनी नको म्हटलं. एका माणसाचं दोनदा होत नाही म्हणाले.

मग दुखणं उलटलं आणि ती गेली. गोळ्यावर गोणपाट पडलं ते तेव्हा. फोटो होते, पुष्कळ होते, पण बाबा म्हणायचे की फोटोला मागची बाजू नसते. तिला समोर बसवून, तिच्याभोवती फिरून त्यांनी केलेलं एवढं एकच काम होतं आणि ते त्या पांढऱ्यात पांढरं बंद होतं. एक चुकीचा घाव, की नाक गेलं. मी दोनदा विषय काढला. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "बंद आहे तोवर फुटलेलं नाही. राहू दे." नंतर त्यांचा हात थरथरायला लागला आणि विषय आपोआप संपला. मी नोकरी सोडून काच हाती घेतली. माझी काच पेटीतून येते, भट्टीत वितळते आणि कंपन्यांच्या भिंतींवर जाते. तिच्यात बुडबुडे नसतात. माझं काम वाईट नसतं, पण टिचकी मारून ऐकावं असं त्या काचेत काही नसतं, आणि आई गेली हे मला सगळ्यांत जास्त तिथे जाणवतं.

परवा मी बाबांना म्हटलं, टेम्पोत घालून असाच घरी नेऊ या. ते स्टुलावर बसले होते. म्हणाले, "नेशील. मी गेल्यावर तू उघडणार नाहीस, आणि तुझा मुलगा एक दिवस विचारेल, हा दगड कशाला ठेवलाय. त्यापेक्षा आत्ता उघड." मी म्हटलं, फुटलं तर? ते म्हणाले, तू काचवाली आहेस, तुला थांबता येतं.

मागच्या बाजूनं सुरुवात केली. तिथे अंबाडा असणार, तिथे चुकलं तरी चालेल. ढलपी उडाली की मी बाजूला व्हायची आणि बाबा थरथरता हात पुढे आणून बोटांनी चाचपायचे. हात थरथरत होता, पण बोटांना अजून सगळं कळत होतं. साचा, म्हणायचे. मी पुन्हा घाव घालायची. साचा. पुन्हा साचा. मग एकदम, "थांब. हे माझं." साबणाचा वाळलेला पापुद्रा त्यांना लागला होता. तिथून आम्ही असेच सरकत गेलो, मान, कान, जबडा. डाव्या कानाच्या पाळीला माझी छिन्नी लागली आणि एक कण उडाला. मी रडकुंडीला आले. ते म्हणाले, पुढे चल.

चेहऱ्यावरची शेवटची मोठी ढलपी अखंड सुटली. आई पहिल्यांदा मला दिसली, मग मी बाजूला झाले.

नाक शाबूत होतं. पण कपाळाच्या बाजू आत गेलेल्या होत्या. गालांची हाडं वर आलेली आणि त्यांच्याखाली खळगे. पापण्या जड, ओठ किंचित उघडे, जसं दम लागलेलं माणूस श्वास घेतं. ही आजारी बाई होती. ती बसमधून पडण्याच्या कितीतरी आधी हे केलेलं होतं, तेव्हा आम्हांला कुणालाच काही माहीत नव्हतं. डॉक्टरांनी जे पुढे सांगितलं ते इथे मातीत होऊन गेलं होतं. माझ्या डोळ्यांना धार लागली आणि मी ती पुसली नाही.

बाबा स्टूल ओढून तिच्यासमोर बसले.

"हे मी केलंय?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"हातांनी बघितलं होतं तर. मी तिच्यावर ओरडत होतो, मान सरळ ठेव म्हणून."

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, ब्राँझमध्ये ओतून घेऊ, माझ्या ओळखीची फाउंड्री आहे. त्यांनी मान हलवली. उजवा हात उचलून त्यांनी तिच्या गालाच्या खळग्यात ठेवला. तिथेही तो थरथरतच होता.

"ओतायला द्यायच्या आधी प्लास्टर नीट करून घ्यावं लागतं. चढ असेल तिथे घासायचं, खोल असेल तिथे भरायचं," ते म्हणाले. "ती असताना उघडलं असतं ना, तर मी आधी हे गाल भरले असते. आणि हात चालता तर आजसुद्धा भरले असते." मग त्यांनी हाताकडे पाहिलं. "बरं झालं, वेळेवर गेला."